टेस्टोस्टेरॉन सुरू आहे, पण हिमॅटोक्रिट ५३! रक्तदान करू का?

निळाकाठ:
वय ४७. आठ महिन्यांपूर्वी सकाळी उपाशीपोटी दोनदा तपासलं, दोन्ही वेळा टेस्टोस्टेरॉन २२० नॅनोग्रॅमच्या खालीच. तेव्हापासून दर दोन आठवड्यांनी २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनन्थेटचं इंजेक्शन घेतोय. पहिले पाच-सहा दिवस झकास जातात. बाराव्या दिवशी मात्र मुलाने साधं गणित विचारलं तरी खेकसतो, आणि मग रात्रभर मनाला लागून राहतं.

खरी काळजी वेगळीच आहे. हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के, म्हणजे रक्त किती दाट) ४६ होता, परवा ५३ आला. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१ वरून ढिम्म हललेलं नाही. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी बघू. जिममधल्या मित्राचं म्हणणं, रक्तदान कर, आकडा उतरेल. करू का?

जुनाजाणता:
थांबा जरा. मी हे करून बसलोय. वर्षात तीनदा रक्त दिलं, आकडा उतरला, पण सोबत लोहही गेलं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, फक्त ९! दोन जिने चढलो की कठडा धरून उभा राहायचो.

हिमॅटोक्रिट ५४ च्या वर गेला की औषध थांबवतात. तुम्ही काठावर आहात, तेव्हा तीन महिने वाट बघू नका. दोन आठवड्यांचा डोस एकदम टोचला की पातळी आधी उंच चढते, मग घसरते. तुमचा बारावा दिवस तिथूनच येतो. दर आठवड्याला १०० किंवा त्याहून कमी चालेल का, हे डॉक्टरांनाच विचारा. स्वतः डोस बदलू नका.

आणि मुख्य म्हणजे, घोरता का? माझ्या बायकोने एका रात्री माझं घोरणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. मध्येच सगळं शांत. मी सेकंद मोजत गेलो. तेविसाव्या सेकंदाला पाण्यातून वर आल्यासारखा श्वास घेतला. ऐकताना हात गार पडले होते माझे. झोपेत असा श्वास अडकला की ऑक्सिजन उतरतो, मग मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक वाढवतात आणि तांबड्या पेशी वाढतात. साखरही त्याने बिघडते. टेस्टोस्टेरॉनमुळे हा त्रास आणखी वाढू शकतो. सीपॅप (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणारं यंत्र) लावल्यावर, डोस तोच असताना, माझा आकडा ५२ वरून ४९ वर आला.

साधीभाकर:
साखरेबद्दल: २०२१ साली टी४डीएम या चाचणीचे निष्कर्ष आले; टेस्टोस्टेरॉनने मधुमेह टळतो का, हे त्यात बघितलं होतं. पोट सुटलेले १,००७ पुरुष, दोन वर्षं. आहार-व्यायामाचा कार्यक्रम दोन्ही गटांना होता. शेवटी मधुमेह टेस्टोस्टेरॉनच्या गटात १२ टक्के, दुसऱ्यात २१ टक्के. पण औषधाच्या गटात २२ टक्के जणांचा हिमॅटोक्रिट ५४ वर पोचला. म्हणजे इंजेक्शन व्यायामाच्या जोडीला होतं, बदली नव्हतं. तुम्ही वजनं उचलता, की नुसतं चालता?

शिवाय इन्सुलिनला शरीर दाद देत नसलं की एसएचबीजी (रक्तात टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं प्रथिन) उतरतं, त्यामुळे एकूण टेस्टोस्टेरॉन कमी दिसतं. सुरुवातीला फ्री, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेलं, टेस्टोस्टेरॉन बघितलं होतं का?

रानवाट:
अजून मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. या इंजेक्शनने शुक्राणू खूप कमी होतात, कधी शून्यावरही येतात.

निळाकाठ:
मुलं दोन आहेत, पुरे. फ्री कधीच बघितलं नव्हतं.

बायकोला घोरण्याचं विचारलं. म्हणाली, "दोन वर्षं तेच सांगतेय, रात्री हलवून जागं करते तुला." मला पत्ताच नाही. आज डॉक्टरांना फोन केला, झोपेची तपासणी गुरुवारी ठरली. पुढचं इंजेक्शन तोवर पुढे ढकललंय, त्यांनाच विचारून. रक्तदान तूर्त नाही.