मोबाईलवर जलपरीची सावलीफिल्म : लुकलुक, सरकणारी बाहुली आणि शेवटचा फेस

पुळणवाट (मालवण)
सातवीच्या मुलांना घेऊन अँडरसनच्या जलपरीवर ३ मिनिटांची कटआउट फिल्म करायची आहे, म्हणजे कापलेल्या बाहुल्या थोड्या-थोड्या हलवून एकेक फोटो काढायचा. काळ्या कार्डशीटच्या बाहुल्या, काचेखालून उजेड, वरून मोबाईल. चाचणीत तीन गोष्टी बिघडल्या. चित्र लुकलुकतं, बाहुलीच्या कडा पुसट येतात आणि एक हात हलवला की अख्खी बाहुली सरकते. शिवाय मुलांना डिस्नेच्या १९८९च्या फिल्ममधला लग्नाचा शेवट पाठ आहे. मूळ गोष्टीत ती फेस होते. कोणता शेवट घ्यावा? आणि पांढरा फेस सावलीत दाखवायचा कसा?

सावलीकाम
लुकलुक आधी घालवा. मोबाईल ऑटोवर असला की तुमचा हात चौकटीत आला-गेला तसा उजेडाचा हिशोब बदलतो. प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग आपण हातानं ठरवतो) फोकस, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) तिन्ही लॉक करा. शटर १/५० किंवा १/२५ सेकंदावर ठेवा, कारण आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. सगळ्यात बरं म्हणजे १२ व्होल्टची एलईडी पट्टी बॅटरीवर लावा. लाईट गेली तरी काम थांबत नाही. तिला डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) मात्र जोडू नका, तो पुन्हा लुकलुक आणतो. खिडक्या बंद ठेवा आणि काम करणाऱ्यांनी गडद कपडे घाला, पांढरा शर्ट काचेत दिसतो.

मांडणी अशी : तळाला पट्टी, मग २० ते २५ सेंमी मोकळी जागा, त्यावर ट्रेसिंग पेपर, त्यावर ५ मिमी काच. अंतर कमी पडलं तर दिव्यांचे ठिपके दिसतात.

पुसट कडा हा दमट हवेचा प्रताप आहे. कार्डशीट ओल धरते आणि वाकते. कड काचेपासून दोन मिलिमीटर उचलली गेली तरी उजेड खालून आत शिरतो. एकाच बाजूला रंग किंवा फेव्हिकॉल लावलात तर आणखी वाकेल. फाईलचं काळं, अपारदर्शक प्लास्टिक कव्हर वापरा, ते ओल धरत नाही.

बाहुली सरकते ती सांधा घट्ट आणि अंग हलकं असल्यामुळे. २५ सेंमीच्या बाहुलीला १० ते १२ तुकडे पुरतात. प्रत्येक तुकड्याचं टोक गोल कापा, दोन गोलांच्या मध्यावर जाड सुईनं भोक पाडा, बारीक तांब्याची तार ओवून दोन्ही बाजूंनी चपटी दुमडा. हात उभा धरल्यावर स्वतःच्या वजनानं हळूच खाली आला की सांधा जमला. बाजारातली पितळी पेपर पिन जाड असते, तिच्यावर तुकडा तरंगतो. वजनासाठी जर्मन सावलीफिल्मकार लोट्टे रायनिगर शिशाचा पातळ पत्रा वापरायची (तिची १९२६ची ‘प्रिन्स आख्मेद’ अशाच बाहुल्यांची आहे). पण शिसं विषारी, मुलांच्या हातात अजिबात नको. धडाच्या मागे तांब्याच्या तारेचं चपटं वेटोळं टेपनं चिकटवा.

डोळा आणि दागिने कापून उजेडाला वाट द्या. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाच्या चामड्याच्या छायाबाहुल्या आहेत. मुलांना एकदा नेऊन दाखवा, भोकांनी चेहरा कसा जिवंत होतो ते कळेल.

उधाण
सर, मूळ शेवटच घ्या. गोष्ट फेसावर संपतच नाही. बहिणी आपले केस देऊन चेटकिणीकडून सुरी आणतात. तिनं त्या सुरीनं राजपुत्राला मारलं तर ती पुन्हा जलपरी होईल. ती सुरी समुद्रात फेकते, स्वतः फेस होते आणि त्या फेसातून वर, वाऱ्याच्या कन्यांमध्ये जाते. सातवीच्या मुलांना एवढं नक्की पेलतं. जपानच्या तोएई स्टुडिओच्या १९७५च्या फिल्मनेही लग्न लावलेलं नाही. आणि नायिकेची जीभच कापलेली आहे, म्हणजे सगळं हातापायांतून सांगायचं. सावलीला याहून सोयीची गोष्ट मिळणार नाही.

सेकंदाला १२ फोटो धरले तर २१६० फोटो होतात. शेपटी पाच तुकड्यांची करा. हेलकावा डॉल्फिनसारखा वर-खाली, माशासारखा आडवा नव्हे. आडवा हेलकावा बाजूनं दिसणारच नाही. एक हेलकावा १८ फोटोंचा, आणि प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याच्या एक फोटो मागे राहील. सगळे एकदम हलवले तर शेपटी फळीसारखी दिसते.

पाय आल्यावर तिला पावलागणिक सुऱ्यांवर चालल्यासारखं दुखतं. साधं पाऊल ६ फोटोंचं असतं. तिचं ९ चं करा, टाच टेकताना दोन फोटो थांबवा. बघणाऱ्याला न सांगता कळेल.

पुळणवाट
यूट्यूबवर टाकली तर हक्काची अडचण येईल का?

उधाण
अँडरसन १८७५ साली वारला, गोष्ट सर्वांची आहे. डिस्नेची नावं, लाल केस, खेकडा, गाणी घेऊ नका. छापील मराठी अनुवाद जसाच्या तसा वाचू नका, निवेदन मुलांकडूनच लिहून घ्या.

गाळणी
फेसाला वाळू घ्या. पुळणीवरची वाळू गोड्या पाण्यात तीन-चारदा धुवा. मीठ राहिलं तर ती ओल धरते, गोळे होतात, काचेला चिकटते. तव्यावर कोरडी करून चहाच्या गाळणीनं चाळा. साध्या वाळूतून उजेड झिरपतो, रंग तपकिरी येतो. रत्नागिरीची काळी, इल्मेनाइटची (लोखंड-टायटॅनियमच्या खनिजाची) वाळू मिळाली तर दाट काळं येतं, आणि ती जड असल्यामुळे श्वासानं उडत नाही. पंखा तरीही बंद.

प्लास्टिकच्या तुकड्यात बाहुलीच्याच आकाराची खिडकी कापा, काचेवर जागेच्या खुणा करा. बाहुली उचला, खिडकीतून २ मिमी वाळू भरा, खिडकी सरळ वर उचला. आता ती वाळूची झाली. कोरड्या २ नंबर ब्रशनं शेपटीकडून वाळू पसरत न्या, ४ सेकंदांना ४८ फोटो. बुडबुडे म्हणजे पसरलेल्या वाळूत आगपेटीच्या काडीनं पाडलेली भोकं. प्रत्येक फोटोला भोक ३ मिमी वर सरकवा आणि खालचं गाळणीनं चिमूटभर वाळू टाकून बुजवा, की उजेडाचे थेंब वर चढताना दिसतात. पुसलेली वाळू परत तशीच बसत नाही, म्हणून खिडकी जपून ठेवा, फसलं तर पुन्हा भरता येते.