‘फक्त कामाचे मेसेज’ ग्रुप: जोशींची मोटारसायकल

नीलिमा जोशी सी-604: नमस्कार सर्वांना. घरचं ग्रुपवर लिहू नये हे मला कळतं पण आता इलाज नाही. आमच्या ह्यांच्या डोक्यात गणपतीच्या जेवणापासून जे भरवलंय ते ज्यांनी भरवलं त्यांनीच येऊन काढावं. वय 57. काल शोरूममधून कोटेशन घेऊन आलेत. मोटारसायकलचं. ती पण डोंगरात चढणारी.

केदार बी-202: काकू कोणती??

नीलिमा जोशी सी-604: हा पहिला प्रश्न का रे

रणदिवे ए-301: वहिनी, रोख माझ्याकडे आहे हे समजलं. मी फक्त हिमालयातल्या स्पितीचे फोटो दाखवले होते.

नीलिमा जोशी सी-604: दीड तास भाऊजी. मोदक गार झाले.

वैशाली भिडे ए-404: कोणतीही घ्या, ठेवणार कुठे ते आधी सांगा. व्हिजिटर पार्किंगमध्ये मोटारसायकल उभी करायची नाही असा ठराव झालेला आहे.

रणदिवे ए-301: झालं सुरू

वैशाली भिडे ए-404: सुरू नाही, ते संपलेलंच नाही. दिवाळीत तुमच्या त्या लोखंडी पेट्यांनी आमच्या गाडीचं दार ओरबाडलं त्याचे पैसे अजून येतायत.

रणदिवे ए-301: पेट्या ॲल्युमिनियमच्या आहेत.

सुहास जोशी सी-604: मी पण या ग्रुपवर आहे याची नोंद घ्यावी. कॉलेजला असताना बुलेट होती माझ्याकडे, एस.पी.च्या गेटबाहेर लावायचो, महाबळेश्वर, हरिहरेश्वर सगळं त्यावर केलंय. मग मुली, होम लोन, चारचाकी, ते सगळं आलं. आता हप्ते संपले. रॉयल एनफिल्डची हिमालयन 450 बघून आलो, आवडली, एवढंच झालंय, कोणाचा खून केलेला नाही.

केदार बी-202: काका एक नंबर! माझी तीच आहे. 452 सीसी, 40 पीएस ताकद, लिक्विड कूल्ड, पुढे 21 इंची चाक, ताम्हिणी घाटात खड्डा आला कधी गेला कधी कळत नाही आणि हायवेला शंभरला आरामात बसते, उद्याच माझी घेऊन चक्कर मारा.

नीलिमा जोशी सी-604: केदार तुझी आई आहे का ग्रुपवर

पाटील काका ए-102: जोशी उंची किती तुमची?

सुहास जोशी सी-604: 5 फूट 5. का?

पाटील काका ए-102: सीट जमिनीपासून 825 मिलिमीटर. वजन 196 किलो. घ्या. फक्त सिग्नलला धरायला एक माणूस ठेवा.

केदार बी-202: काका दोन्ही पाय टेकायची गरजच नसते. थोडं डावीकडे सरकायचं, डावा पाय पूर्ण खाली, उजवा मागच्या ब्रेकवर. जगभर असंच चालवतात. शिवाय लो सीट मिळते, 805 होतं.

पाटील काका ए-102: सपाट रस्त्यावर होतं रे ते. बोपदेव घाटात वर ट्रॅफिक अडकलंय, गाडी वळवून मागे फिरायचंय आणि रस्त्याचा उतार नेमका पाय टेकायच्या बाजूला आहे, तिथे पाय खाली जातो तो जातच राहतो, जमीन लागतच नाही. मग 196 किलो आपण थोपवत नसतो, नुसतं बघत असतो. 17 लिटरची टाकी फुल असली की त्यातले साडेबारा किलो तर पोटाच्या वर. टेल्कोत आयुष्य गेलंय माझं, वजन कुठे आहे ते आधी बघायचं, पीएस नंतर.

रणदिवे ए-301: म्हणून मी म्हणत होतो जुनी हिमालयन 411 बघा. सीट 800, 24 बीएचपी, गरीब गाय आहे. सेकंडहँड चांगल्या मिळतात, पडली तरी जीव तुटत नाही.

पाटील काका ए-102: आणि वजन?

रणदिवे ए-301: 199

पाटील काका ए-102: धन्यवाद.

वैशाली भिडे ए-404: व्हिजिटर पार्किंगमध्ये मोटारसायकल उभी करायची नाही असा ठराव झालेला आहे. (सेक्रेटरींनी उत्तर द्यावं.)

गोखले सेक्रेटरी: सदस्यांना विनंती आहे की सदर ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. टँकर 8 वाजता येईल.

लिमये आजोबा सी-101: आमच्याकडे जावा होती. जी किक तोच गिअरचा दांडा. किक मारायची, वळवून पुढे आणायची की झाला गिअर. आता सगळंच वेगळं. शुभ रात्री 🌹

पाटील काका ए-102: आजोबांनी बरोबर मुद्द्याला हात घातला. जोशी तुमच्या बुलेटला गिअर उजव्या पायाला होता ना? ब्रेक डाव्या?

सुहास जोशी सी-604: हो. एक वर, तीन खाली.

पाटील काका ए-102: आता सगळ्या गाड्यांना उलटं आहे. एरवी लक्षात राहील तुमच्या, पण कर्वेनगरच्या गल्लीतून कुत्रं आडवं आलं की तिथे डोकं चालत नाही, पाय चालतो. डावा पाय दाबाल, गाडी थांबायच्या ऐवजी गिअर बदलेल. बरं तेव्हा पुढचा ब्रेक नावालाच असायचा म्हणून सगळी भिस्त पायावर. आताच्या डिस्कला उजव्या हाताची दोन बोटं पुरतात आणि एबीएस आहे म्हणून चाक लॉक होत नाही, पण ते बोटांना शिकवावं लागतं. आधी महिनाभर एखादी हलकी गाडी भाड्याने घ्या आणि सकाळी सहाला मोकळ्या रस्त्यावर नुसतं थांबा, निघा, वळा, परत थांबा. डोंगर नंतर.

केदार बी-202: काका, पण त्यांना शेवटी घ्यायचीच आहे तर दोनदा खर्च कशाला, एकदाच मोठी घ्या ना

पाटील काका ए-102: वजन, केदार. वजन.

केदार बी-202: मग काय घ्यायची तुमच्या मते? ल्युना?

पाटील काका ए-102: सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स बघा. 249 सीसी, 167 किलो.

केदार बी-202: हाहाहा तिची सीट 835 आहे काका!! हिमालयनपेक्षा उंच. गेला ना मुद्दा.

पाटील काका ए-102: नाही गेला. उंची 10 मिलिमीटर जास्त, वजन 29 किलो कमी. तोल गेल्यावर कोणती सावरेल ते तू सांग. हिरोची एक्सपल्स 200 तर 159 किलोवर आहे, फक्त ती प्रो नको, तिची सीट 891 आहे, शिडी लावावी लागेल. आणि हिशेबाचं म्हणाल तर सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंत जीएसटी 18 टक्के आणि त्याच्या वर 40. म्हणजे हे जास्तीचं वजन जोशी जादा टॅक्स भरून विकत घेणार.

रणदिवे ए-301: पाटील साहेब 250 ला लेहच्या घाटात दम लागतो. विरळ हवा असते, सामान असतं. अनुभवाने सांगतोय.

नीलिमा जोशी सी-604: कसलं लेह भाऊजी. ह्यांचं लेह म्हणजे रविवारी वेल्ह्याला जाऊन मिसळ खाणार आणि अकराच्या आत घरी, कारण दुपारी झोप लागते.

सुहास जोशी सी-604: नीलिमा

नीलिमा जोशी सी-604: खोटं आहे का

डॉ. सबनीस सी-201: क्लिनिक आत्ता संपलं, सगळं वाचलं. जोशी, 57 ला बाईक चालवायला डॉक्टर म्हणून माझी हरकत नाही. पण उंच सीटवर पाय टाकताना कंबर किती वळते ते बघा, मागे पेटी लावली की पाय आणखी वर न्यावा लागतो आणि लोक तिथेच अडकून पडतात, उभ्या गाडीवर. डोळे तपासून घ्या. लायसन्सची तारीख पण बघा, वयाच्या 55 नंतर रिन्यू केलं की पाचच वर्षांचं मिळतं आणि संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा टेस्ट. हेल्मेट फुल फेस. पुण्यात हेल्मेटवर चर्चा नको, मी रोज बघतो काय येतं ते.

केदारची आई बी-202: डॉक्टर हे केदारला पण सांगा. कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं तर हेल्मेट हँडलला अडकवतो.

केदार बी-202: (मेसेज डिलीट केला)

वैशाली भिडे ए-404: व्हिजिटर पार्किंगमध्ये मोटारसायकल

वैशाली भिडे ए-404: उभी करायची नाही असा ठराव झालेला आहे.

सुहास जोशी सी-604: वैशालीताई मी माझ्या स्लॉटमध्ये कारच्या पुढे लावणार आहे, टेपने मोजलंय. बसते.

वैशाली भिडे ए-404: कार बाहेर काढायची असेल तेव्हा रोज बाईक हलवणार? 196 किलो?

पाटील काका ए-102: वा वैशालीताई! हा खरा मुद्दा. इंजिन बंद, गाडी मागे ढकलायची, आपल्या बेसमेंटचा उतार, टाइल्स ओल्या. रोज. यातच कळतं कोणती आपली.

वैशाली भिडे ए-404: मी तुमच्या बाजूने बोलले नव्हते.

रणदिवे ए-301: हिमालयनला लोअरिंग लिंक लावून मिळते, मागचं खाली बसतं.

पाटील काका ए-102: लावा. मग ग्राउंड क्लिअरन्स गेला, साइड स्टँड लांब पडतो, तो कापून घ्या. म्हणजे डोंगरासाठी घेतलेली गाडी स्पीड ब्रेकरला घासायची. जोशी एक काम करा. केदारची गाडी रविवारी बेसमेंटला जुन्या गादीवर आडवी करू. हँडल पूर्ण वळवायचं, सीटला पाठ लावून खाली बसायचं, एक हात हँडलला एक मागच्या रॅकला, आणि पायाच्या जोरावर मागे चालत उचलायची. कंबर वापरायची नाही. उचललीत तर 450 घ्या, मी पेढे देतो. नाही तर हलकी.

केदार बी-202: माझी का??? रणदिवे काकांची घ्या ना, ती पडून पडून सवय झालेली आहे

रणदिवे ए-301: माझी पेट्यांसकट आहे. पण चालेल.

डॉ. सबनीस सी-201: मी येतो. कोणी खाली वाकून उचलायला गेलं तर तिथेच ओरडेन.

गोखले सेक्रेटरी: बेसमेंटमध्ये कार्यक्रम करायचा असल्यास कमिटीकडे लेखी अर्ज करावा. टँकर आला आहे, बी विंगने दोन नंबरचा व्हॉल्व्ह बंद करावा.

सुहास जोशी सी-604: मान्य आहे. रविवारी 7 वाजता. कोटेशन तोपर्यंत तसंच राहू दे. गादी मी आणतो, माळ्यावर एक आहे.

नीलिमा जोशी सी-604: ती पाहुण्यांची आहे. हात लावायचा नाही.

लिमये आजोबा सी-101: माझ्याकडे कापसाची आहे. कोणीतरी वर येऊन न्या, मला झेपणार नाही.