मदत हवी आहे: ४२ मिमी ग्रॅव्हल टायरवर कोणते ब्रेक बसवावेत?

नमस्कार मंडळी. माझी जुनी स्टीलची टूरिंग सायकल आहे, ड्रॉप हँडलची (खाली वळलेल्या हँडलची). तिला ७०० बाय ४२ चे, म्हणजे ४२ मिमी रुंद, ग्रॅव्हल (खडीच्या रस्त्याचे) टायर घातलेत. टायर फ्रेममध्ये छान बसतात, प्रश्न ब्रेकचा आहे. फ्रेमला आणि फोर्कला (पुढचं चाक धरणारा चिमटा) कँटिलिव्हर ब्रेकचे खुंट आहेत (हे ब्रेक दोन बाजूंच्या हातांनी रिम दाबतात), डिस्क ब्रेकसाठी सोय नाही.

सध्याच्या कँटिलिव्हरला जागा भरपूर मिळते, पण उतारावर पुढचा ब्रेक दाबला की अख्खा फोर्क थरथरतो. ब्रेकचे रबरी पॅड पुढच्या बाजूने किंचित आत वळवून पाहिले, आवाज थांबला, थरथर तशीच. खडीच्या उतारावर ती फार जीवघेणी वाटते.

व्ही-ब्रेक (त्याच खुंटांवर बसणारे, लांब हातांचे) घ्यावेत तर ड्रॉप हँडलचे लिव्हर केबल कमी ओढतात. पॅड रिमला अगदी चिकटवून ठेवावे लागतात, आणि चाक जरा जरी आउट (वाकडं) असलं की घासतात. मिनी व्ही-ब्रेकचे हात आखूड, साधारण ८० ते ९० मिमी, म्हणून ते या लिव्हरशी जुळतात. पण मग वरची केबल टायरच्या फार जवळून जाते. ४२ च्या टायरवर चिखल, खडे अडकणार नाहीत का? मडगार्ड तर मला हवंच आहे.

कुणी ९० मिमीचे मिनी व्ही एवढ्या रुंद टायरवर मडगार्डसकट वापरलेत का? की फक्त पुढे डिस्कचा फोर्क आणि नवं चाक घालणं जास्त शहाणपणाचं? फोर्कची उंची बदलली तर हँडलिंग कितपत बिघडतं, हेही अनुभवी लोकांनी सांगावं.