सगळ्यांचीच टिक 'उत्तम'वर, मग फॉर्मचा उपयोग काय?

प्रश्न
मी मेडिसिन वॉर्डात सिस्टर आहे. डिस्चार्जच्या वेळी रुग्णांकडून समाधानाचा फॉर्म भरून घ्यायचं काम माझ्याकडे आहे. दहा प्रश्न, प्रत्येकाला पाच पर्याय. गठ्ठा चाळला तर जवळजवळ सगळ्या टिका 'उत्तम'वर. गेल्या आठवड्यात एका आजींनीही तसंच केलं. पेन परत देताना माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "रात्री दोनदा बेल वाजवली गं, कुणी आलं नाही. शेवटी अंथरूण ओलं झालं." तेव्हापासून मन लागत नाहीये. हे फॉर्मवर यावं, म्हणून काय बदलू?

उत्तर १
फॉर्म तुम्ही हातात देता आणि समोर उभ्या राहता. हाताची सुईसुद्धा अजून निघालेली नसते. कोण वाईट लिहील? अमेरिकेतल्या एचकॅप्स या रुग्णालयातल्या अनुभवाच्या पाहणीत रुग्णाला घरी गेल्यावर, 48 तासांपासून 42 दिवसांच्या आत गाठतात. शिवाय 'मदत मागितल्यावर लगेच मिळाली का' असं विचारून 'कधीच नाही, कधी कधी, बहुतेक वेळा, नेहमी' हे पर्याय देतात. 'नर्सिंग सेवा कशी वाटली' याला आजी 'उत्तम' म्हणणारच, कारण तुम्ही त्यांच्याशी चांगलं वागलात. बेलचं विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं.

उत्तर २
वरच्याशी सहमत. पीएसक्यू-18 या रुग्णांच्या समाधानाच्या प्रश्नावलीत काही विधानं मुद्दाम उलटी आहेत, उदाहरणार्थ उपचार करणारे कधी कधी फार घाई करतात. न वाचता एकाच रांगेत टिक करणारा तिथे लगेच कळतो. आणि फॉर्म रुग्णाने भरला की मुलाने, हे नक्की नोंदवा. रात्री मुलगा तिथे नसतो.

एक काळजी घ्या. फॉर्ममधून निघणारे आकडे उपचाराच्या दर्जाचे समजू नका. साध्या सर्दीला अँटिबायोटिक नाकारलं तर रुग्ण नाराज होतो, पण डॉक्टर बरोबर असतात.

प्रश्नकर्ती
मुलाचं लक्षातच आलं नव्हतं! निम्मे फॉर्म नातेवाईकच भरतात. बेलचा प्रश्न आजच लिहिला: 'रात्री बेल वाजवल्यावर किती वेळा कुणी आलं?' घरी गेल्यावर फोन करायचं काम वॉर्डाबाहेरच्या कुणाला तरी द्या, असं इनचार्जना सांगितलंय. आजींना मात्र मी स्वतः फोन करणार आहे, फॉर्मसाठी नाही.