खारफुटीचा वंशवृक्ष: नेचा फुलझाडांच्या मधोमध का आला?

मांडवीकाठ
बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी गोव्यातल्या चोडण बेटावरच्या खारफुटीचा वंशवृक्ष करतोय. एनसीबीआय या खुल्या डीएनए-साठ्यावरून आरबीसीएल या हरितलवकातल्या जनुकाचे डीएनए-क्रम उतरवले: कांदळ (ऱ्हायझोफोरा म्युक्रोनाटा), तिवर (ॲव्हिसेनिया ऑफिसिनॅलिस), चिप्पी (सोनेरेशिया आल्बा), हुरा (एक्सकोकेरिया ॲगॅलोका), काजळा (एजिसेरस कॉर्निक्युलेटम), मारांडी (ॲकॅन्थस इलिसिफोलियस) आणि खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत) दिसणारा ॲक्रोस्टिकम नेचा. मॅफ्ट या प्रोग्राममध्ये क्रमांची जुळवणी केली, आयक्यू-ट्री या प्रोग्राममध्ये झाड, म्हणजे वंशवृक्ष, काढलं.
नेचा फुलझाडांच्या मध्ये घुसलाय. काजळ्याची फांदी (तिची लांबी म्हणजे क्रमातला बदल) सगळ्यांत लांब, नेच्याहूनही लांब. तिवर आणि चिप्पी दोघांनाही श्वसनमुळं असून ती लांब-लांब पडलीत. एका सांध्यावर अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप (सांधा किती भरवशाचा ते सांगणारा आकडा) 71 आहे, तो चालेल ना? आणि जुन्या पुस्तकात तिवर व्हर्बेनेसी कुळात आहे, ते धरायचं का?

पानवेल
नेच्याचं आधी. फाइलमध्ये कांदळ पहिला आहे का बघ. आयक्यू-ट्री जे झाड देतं त्याला मूळच नसतं. बाह्यगट (बाकीच्यांहून दूरची, मुळाशी ठेवायची वनस्पती) सांगितला नाही तर फाइलमधला पहिला क्रम मुळाशी ठेवून ते चित्र काढतं. म्हणजे नेचा घुसलेला नाही, तू झाड कांदळाला धरून उचललंयस. बाह्यगट म्हणून नेचा दे, चित्र सरळ होईल.
पण एकटा नेचा फार दूरचा. तिथून फुलझाडांपर्यंतची फांदी इतकी लांब असते की ती भलत्याच जागी चिकटू शकते. मध्ये कुमुद (निम्फिया) आणि नारळ घाल. नेच्यानंतर कुमुद, मग नारळ, मग बाकीची, असा क्रम यायला हवा. कुमुदाऐवजी कमळ घेऊ नकोस. दिसायला सारखं असलं तरी कमळ द्विदलांच्या बाजूचं आहे, इथे त्याचा उपयोग नाही.
काजळ्याचा क्रम बहुधा उलटा आहे. फुलझाडाची फांदी नेच्याहून लांब, हे आरबीसीएलमध्ये शक्य नाही. ब्लास्ट (एनसीबीआयचं क्रम ताडून बघायचं साधन) कर, बाकीच्यांशी जुळताना प्लस/मायनस, म्हणजे उलट दिशा, दिसलं तर उलट-पूरक (क्रम उलटा करून प्रत्येक अक्षराचा जोडीदार) करून घे. मॅफ्टमध्ये ॲडजस्ट-डायरेक्शन हा पर्याय दिला की ते स्वतःच उलटवतं आणि नावापुढे आर लावतं. मग पूर्ण जुळवणी अमिनो आम्लांत भाषांतरित करून बघ. मधेच थांब-संकेत (प्रथिन संपल्याची खूण) आला तर चौकट (तीन-तीन अक्षरं कुठून वाचायची ती) चुकलीय किंवा क्रमच खराब आहे. आरबीसीएलमध्ये फुलझाडांत गाळलेल्या जागा जवळजवळ नसतातच. दिसल्या तर संशय घ्यायचा.
71 चालणार नाही. साध्या बूटस्ट्रॅपला 70 चा उंबरठा सांगतात, तोच आकडा लोक इथे लावतात. अल्ट्राफास्टला 95 च्या वर पाहिजे, आणि फेऱ्या किमान 1000.

शेवाळरंग
खरा प्रश्न श्वसनमुळांचा आहे. खारफुटी म्हणजे कुळ नव्हे, राहण्याची तऱ्हा. तिवराची मुळं पेन्सिलीसारखी, चिप्पीची जाड शंकूसारखी. दोन्ही चिखलातल्या प्राणवायूच्या टंचाईवरचे स्वतंत्र उपाय. कांदळाचं झाडावरच रुजणारं बी आणि काजळ्याचं सालीआड रुजणारं बी, हेही तसंच. अशा लक्षणांवरून नातं ठरवलं तर झाड चुकणारच.
तुझ्या झाडात नुसती खारफुटीच आहे, म्हणून हे दिसत नाही. प्रत्येकीचा जमिनीवरचा नातलग घाल: कांदळासाठी सह्याद्रीतला कॅरॅलिया, हुऱ्यासाठी एरंड, काजळ्यासाठी वावडिंग, तिवर-मारांडीसाठी अडुळसा. चिप्पीसाठी डाळिंब आणि शिंगाडा दोन्ही घे, एकाच कुळातले. त्यांत शिंगाडा चिप्पीला जास्त जवळचा. खारफुटी एकमेकींशी न जुळता आपापल्या सोयऱ्यांशी जुळली पाहिजे. कांदळ आणि हुरा एका गणात येतात (माल्पिघिएलीस), पण कुळं वेगळी.
तिवर आणि मारांडी दोन्ही ॲकॅन्थेसी कुळात. पण म्हणून दोघींत खारफुटीची तऱ्हा एकदाच आली असं लिहू नकोस: मारांडी तिवरापेक्षा अडुळशाला जवळची आहे. आरबीसीएल एकटा या ठिकाणी कमी पडतो. मॅटके हे हरितलवकातलं दुसरं जनुक जोड, दोन्ही जनुकांना वेगळा विभाग (बदलाचं स्वतंत्र प्रारूप) दे. नेच्याचा मॅटके नेहमीच्या प्रायमरांनी (जनुक उचलायला वापरायचे डीएनएचे छोटे तुकडे) सहसा मिळत नाही, तिथे रिकामी जागा सोडली तरी चालतं. आयटीएस (केंद्रकातल्या डीएनएचा झपाट्यानं बदलणारा तुकडा) मात्र वेगवेगळ्या कुळांत जुळवायला जाऊ नकोस, जुळणी निव्वळ कल्पना ठरते. तो एका प्रजातीगटातल्या भाऊबंदांसाठी.
कुळं एपीजी 4 (फुलझाडांचं डीएनएवर आधारलेलं वर्गीकरण, 2016) नुसार लिही. व्हर्बेनेसी हे बेंथम-हूकरच्या पद्धतीचं, ती 1862–1883 मधली. हर्बेरियमची (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाची) कपाटं अजून कित्येक ठिकाणी त्याच क्रमानं लावलेली असतात, म्हणून पुस्तकांत टिकून आहे. अहवालात कंसात जुनं कुळ दिलंस तर परीक्षकांचाही गोंधळ होणार नाही.

मांडवीकाठ
कांदळच पहिला होता! काजळाही उलटा निघाला. दोनतीन झाडांची पानं स्वतः आणून क्रम काढायचा झाला तर?

पानवेल
चोडणच्या पक्षी अभयारण्यातून पान तोडायलाही वनखात्याची परवानगी लागते, आधी अर्ज. कोवळी पानं घे, गोड्या पाण्यानं मीठ धुऊन कोरडी पूस, तुकडे करून पानांच्या किमान दहापट वजनाच्या सिलिका जेलमध्ये ठेव. निळे दाणे गुलाबी झाले की बदल, नाहीतर पान काळं पडतं. खारफुटीत टॅनिन भरपूर, त्यामुळे डीएनए तपकिरी येतो आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) बसत नाही. डीएनए काढायच्या 2 टक्के सीटॅब बफरमध्ये टॅनिन धरून ठेवणारं 2 टक्के पीव्हीपी घाल, तपकिरीपणा रोखणारं मर्कॅप्टोइथेनॉल दळायच्या वेळी. तरीही पीसीआर चालला नाही तर साचा (काढलेला डीएनए) दहापट पातळ करून बघ, नवीन डीएनए काढण्याआधी.
हुऱ्याचं पान हातमोज्यांशिवाय तोडू नकोस. चीक डोळ्यांत गेला तर फार वाईट.