मदत हवी आहे: माया अवशेष गाइडशिवाय पायी बघायचेत, एकच दिवस आहे

नारळीपाक:
फेब्रुवारीत माया लोकांच्या जुन्या शहराचे अवशेष बघायला जातोय. गाइड नको, नकाशा घेऊन आपले आपण फिरणार. एकच दिवस आहे. सुरुवात कुठून करावी, कोणत्या पिरॅमिडवर चढू देतात, आणि वरून सूर्योदय बघतात म्हणे, त्याचं काय? चार व्हिडिओ बघितले, चौघांचं चार. मुक्काम फ्लोरेसला आहे. कृपया नेमकं सांगा, उद्या सगळं ठरवून टाकायचंय.

कातळखोदे:
कुठले माया अवशेष? मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ, होंडुरास, एल साल्वादोर, पाच देशांत पसरलेत ते.

बोरूबहाद्दर:
फ्लोरेस इंडोनेशियातही आहे. तिथून कोमोडो ड्रॅगन बघायला जातात. माया मात्र सापडणार नाहीत.

नारळीपाक:
ग्वाटेमालाचं फ्लोरेस हो. टिकाल. अजून कुठलं असणार?

भटकभवानी:
टिकालपेक्षा मेक्सिकोतलं चिचेन इत्झा करा. रस्ते चांगले, सपाट मैदान, आणि मोठ्या पिरॅमिडला चारी बाजूंच्या ९१ पायऱ्या अधिक वरची एक अशा बरोबर ३६५ पायऱ्या. विषुवदिनाच्या सुमारास उतरत्या उन्हात जिन्याच्या कठड्यावर सापाची सावली सरकते. मार्चपर्यंत थांबलात तर तेही मिळेल.

आडवाट:
भवानीताई, त्यांचं राहायचं ठरलंय ग्वाटेमालात आणि तुम्ही त्यांना युकातानला धाडताय. शिवाय चिचेनच्या पिरॅमिडवर चढणं कधीच बंद झालंय, आणि ह्यांचा मुख्य प्रश्न चढण्याचा आहे.

धागाकर्ते, किती जण आहात, वयं काय? पासपोर्ट कुठला, व्हिसाचं झालंय का? फ्लोरेसहून जायला गाडी कुठली? हे कळल्याशिवाय क्रम सांगणं म्हणजे अंधारात तीर.

नारळीपाक:
व्हिसा झालाय, तो प्रश्नच नाही. तिघं आहोत. व्हॅनने जाणार. आता क्रम सांगा.

आडवाट:
सांगतो. फ्लोरेस ते टिकाल साधारण ६५ किमी, दीड तास धरा. पार्काचं फाटक अवशेषांच्या १७ किमी अलीकडे आहे आणि तिकीट तिथे काढायचं. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. परदेशी माणसाला १५० केत्झाल (तिथलं चलन) असा दर राहिलाय, जायच्या आधी एकदा बघून घ्या. रोख केत्झाल न्या. एटीएमचं काम फ्लोरेस किंवा शेजारच्या सांता एलेनातच उरका, आत त्याच्या भरवशावर राहू नका. फाटक सकाळी ६ ला उघडतं, संध्याकाळी ६ ला बंद. जनावरं आडवी येतात म्हणून फाटकापासून पुढे वेग कमी ठेवावा लागतो, त्यामुळे शेवटच्या १७ किमीलाच अर्धा तास जातो.

गाडीतळाजवळ माहिती केंद्रात सगळ्या शहराची मोठी प्रतिकृती आहे. तिथे दहा मिनिटं थांबा. आत गेल्यावर झाडीमुळे दोन देवळं एका वेळी क्वचितच दिसतात आणि दिशेचा अंदाज चुकतो. त्या प्रतिकृतीवर चार जुने उंच रस्ते शोधा: माऊडस्ले, मालेर, तोझर, मेंदेझ. मायांनी बांधलेल्या ह्या सडकांवरूनच आजही फिरायचं असतं. तोझर मोठ्या चौकातून मंदिर ४ कडे नेतो, माऊडस्ले मंदिर ४ कडून उत्तरेच्या गट एचकडे, मालेर तिथून परत खाली चौकाकडे आणि मेंदेझ आग्नेयेला मंदिर ६ कडे. पहिले तीन मिळून त्रिकोण होतो. हा त्रिकोण डोक्यात बसला की गाइडची अर्धी गरज संपली.

तिकीट तपासतात तिथून थोडं पुढे एक प्रचंड सेइबा आहे (आपली पांढरी सावर, तोच वृक्ष, ग्वाटेमालाचं राष्ट्रीय झाड). पुढे वाट फुटते. उजवीकडे घ्या: कॉम्प्लेक्स क्यू आणि आर (जुळ्या पिरॅमिडांचे चौक), मग मालेरने वर गट एच, माऊडस्लेने खाली मंदिर ४, मग मुंदो पेर्दिदो (जुन्या पिरॅमिडांचा गट), सात देवळांचा चौक, मंदिर ५, आणि मोठा चौक सर्वांत शेवटी. सगळं मिळून ८ ते १० किमी, आरामात ६ ते ७ तास.

मोठा चौक शेवटी ठेवायला कारण आहे. मंदिर १ चौकाच्या पूर्वेला असून त्याचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी ऊन त्याच्या पाठीमागून येतं, फोटोत काळा ठोकळा दिसतो. दुपारी २ नंतर जिन्यावर ऊन पडतं.

चिंचगुळ:
असहमत. मोठा चौक सगळ्यात आधी. दिवसभराच्या सहलींचा लोंढा ९-१० च्या पुढे तिथेच उतरतो. ७ वाजता गेलात तर चौक, उत्तर अक्रोपोलिस (चौकाच्या उत्तरेचा देवळांचा समूह) आणि माकडं, बाकी कोणी नाही. फोटोपायी रिकामा चौक घालवायचा म्हणजे काय? आणि माऊडस्लेचा तो लांब पट्टा नवख्या माणसाला कशाला? झाडं आणि मातीचे ढीग, बाकी काय आहे तिथे?

आडवाट:
मातीचे ढीग म्हणजेच न खणलेली देवळं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लोकांनी १९५६ ते १९७० खणूनही बरंचसं शहर तसंच झाडीखाली आहे. ते बघणं हाही टिकालचाच भाग.

चिंचगुळ:
ढीग बघायला ग्वाटेमाला कशाला?

कातळखोदे:
धाग्याचं काश्मीर करू नका, वाद पुरे. चढण्याचं कोणी सांगितलंच नाही.

मंदिर १ (४७ मीटर): चढायला बंद. मंदिर २ (३८ मीटर): बाजूच्या लाकडी जिन्याने वर जाता येतं, मंदिर १ समोरासमोर दिसतं. मंदिर ३: फक्त खालून. मंदिर ४ (साधारण ६५ मीटर, इसवी ७४१ च्या सुमाराचं): लाकडी जिना, दोनशेच्या आसपास पायऱ्या. वरच्या कट्ट्यावर पूर्वेला तोंड करून बसायचं, जंगलातून १, २ आणि ३ ची शिखरं वर आलेली दिसतात. मंदिर ५ (५७ मीटर): जिना बंद, खालून बघा. मुंदो पेर्दिदोचा मोठा पिरॅमिड दुरुस्तीप्रमाणे कधी खुला, कधी बंद असतो, पाटी बघा. दगडी पायऱ्यांवर कुठेही चढू नका. चुनखडीवर शेवाळ असतं, फेब्रुवारीतही पहाटेच्या दवाने निसरडं होतं.

सूर्योदय: ६ च्या आधी आत जायला वेगळं तिकीट लागतं (१०० केत्झाल जास्तीचे), ते आदल्या दिवशीच काढून ठेवावं लागतं आणि सोबत अधिकृत गाइड असावाच लागतो. म्हणजे तुमचं "गाइड नको" आणि "सूर्योदय हवा" ही दोन वाक्यं एकत्र नांदणार नाहीत. शिवाय पहाटे बहुतेकदा धुकं असतं. सूर्य दिसत नाही, उजाडतं फक्त. ऐकायला मात्र मिळतं: हाउलर माकडं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाघ वाटतो.

नारळीपाक:
मग सूर्योदय रद्द. ६ ला आत. आईला मंदिर ४ जमेल का? ६६ वय, गुडघे.

भटकभवानी:
बघा, आता सांगताहेत आई आहेत ते! म्हणून म्हटलं होतं चिचेन.

चिंचगुळ:
काकूंना चढणं जमेल, त्रास उतरताना होईल. जिना लाकडी आहे, कठडा आहे, मध्ये थांबायला जागा आहे. उतरताना गर्दीच्या वेळी मागून रेटा येतो, म्हणून ८ च्या आत चढून घ्या. नको वाटलं तर खाली बसू शकतात. मोठा चौक सपाट आहे, मंदिर २ पण सोडून दिलं तरी चौकात तासभर बघण्यासारखं आहे. दुमडणारी काठी आणि खाली रबर असलेले बूट. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

दशमी_धपाटे:
काकू शाकाहारी आहेत का? गाडीतळाजवळ खानावळी आहेत. काळ्या घेवड्याची उसळ, अंडी, मक्याच्या तोर्तिया, तळलेली केळी मिळतात. पण उसळ डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, "सिन मान्तेका" (चरबीविना) असं आधीच सांगा. सगळ्यात बरं म्हणजे दशम्या आणि दाण्याची चटणी. उघड्यावर डबा सोडू नका, पिसोते नावाचं लांब नाकाचं जनावर टोळीने येतं आणि पिशवीची चेन उघडतं.

नारळीपाक:
खाण्याचं विचारलं नव्हतं. पण थँक्स, दशम्या घेतो.

लिपीवेडा:
गाइड नसला तर दगड मुके राहतात, म्हणून एवढं शिकून जा. ठिपका म्हणजे १, रेघ म्हणजे ५. मजकूर दोन-दोन स्तंभांच्या जोडीने, डावीकडून उजवीकडे, मग खाली असा वाचतात. सरावाला कॉम्प्लेक्स क्यू उत्तम. २० माया वर्षांचा (७२०० दिवसांचा) कातुन संपला की तिथे असा जुळ्या पिरॅमिडांचा चौक बांधायचे. पूर्वेच्या पिरॅमिडपुढे नऊ कोरे शिलास्तंभ आहेत, दक्षिणेला नऊ दारांची इमारत, आणि उत्तरेच्या बिनछपराच्या खोलीत शिलास्तंभ २२. तो इसवी ७७१ चा. त्या तिथीच्या दिवसाचं नाव १३ अहाव, तेव्हा दोन रेघा आणि तीन ठिपके शोधा.

मंदिर १ च्या पोटात राजा हसाव चान कविल पुरलेला होता, १९६२ मध्ये कबर सापडली. देवळांच्या दारांवरच्या कोरीव तुळया चिकूच्या लाकडाच्या होत्या. मंदिर ४ च्या तुळया आता स्वित्झर्लंडमध्ये बासेलला आहेत.

बोरूबहाद्दर:
चिकूच्या? आपल्या घोलवडच्या चिकूच्या?

लिपीवेडा:
तोच. मूळ तिकडचा, आपल्याकडे नंतर आला. लाकूड इतकं टणक आणि किडीला न जुमानणारं की बाराशे वर्षं टिकलं. त्याच्या चिकापासून च्युइंग गम करायचे. "चिकू" हा शब्दही तिकडूनच आलाय.

बोरूबहाद्दर:
अवांतर: डहाणूच्या बागेत तुळईएवढं खोड मी तरी बघितलेलं नाही.

दशमी_धपाटे:
कलमी झाडाला कसं येणार? बियांचं जुनं झाड बघा.

नारळीपाक:
चिकू बास. एक राहिलं सांगायचं: परतीची व्हॅन १२:३० ची आहे. संध्याकाळी ग्वाटेमाला सिटीचं विमान.

आडवाट:
हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं हो! दुपारचं ऊन, गट एच, माऊडस्ले, सगळं बाद.

कातळखोदे:
मग असं करा. फ्लोरेसहून ४:३० ची व्हॅन. ६ ला फाटक, तिकीट, ६:४५ ला गाडीतळ. स्वच्छतागृह तिथेच उरका, प्रतिकृती पाच मिनिटं. चौकात न रेंगाळता तोझरने सरळ मंदिर ४, काकूंच्या चालीने ७:४५. वर अर्धा तास. ८:३० मुंदो पेर्दिदो, ९:१५ सात देवळं, ९:४५ मंदिर ५ खालून. १० ते ११:१५ मोठा चौक: मंदिर २ आणि उत्तर अक्रोपोलिस. तिथे गवती छपराखालचे मोठे मुखवटे अंधारात आहेत, टॉर्च न्या. परतीच्या वाटेवर कॉम्प्लेक्स क्यू पंधरा मिनिटं, मग बाहेर. १२:१० ला गाडीतळावर असलंच पाहिजे. मंदिर ६ सोडा. लांब आहे, वाट निर्जन आहे, आणि तिथे लुटीचे प्रकार झालेत, एकट्यादुकट्याने जाऊच नये.

माणशी तीन लिटर पाणी घ्या. टिकालला नदी नाही, माया लोकसुद्धा पावसाचं पाणी तळ्यांत साठवूनच राहिले. नकाशा फोनवर उतरवून ठेवा, आत रेंजचा नेम नाही आणि दाट झाडीखाली जीपीएसचा ठिपका उड्या मारतो. डासांचं औषध, लांब बाह्या, पँट मोज्यात खोचून. गोचिड्या असतात.

चिंचगुळ:
चौक दहाला म्हणजे ऐन गर्दीत. पण साडेबाराच्या व्हॅनला माझ्याकडेही उपाय नाही. ७:१५ ला चौक ओलांडताना तेवढे दोन फोटो घ्या, काळा ठोकळा तर ठोकळा.

भटकभवानी:
वाखु (वाचनखूण) साठवली. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.

नारळीपाक:
४:३० च्या व्हॅनची जागा आदल्या दिवशी मिळते का?

आडवाट:
मिळते. फ्लोरेसच्या कुठल्याही हॉटेलात किंवा प्रवास कचेरीत सांगून ठेवा, हॉटेलच्या दारातून उचलतात. परतीची वेळ पावतीवर लिहून घ्या, तोंडी नको. आणि ४:३० म्हणजे ४:१५ पासून दारात उभं राहायचं. तिसरं माणूस कोण आहे? लहान मूल नाही ना?