सहभागी बजेट: मत लोकांचं, पण यादी कोण ठरवतं?

कोरा_कागद:
सहभागी बजेट म्हणजे नागरिकांनी कामं सुचवायची, त्यावर मतदान, मग जिंकलेली कामं शहराच्या बजेटात. बरोबर ना? पण मग नगरसेवक कशाला निवडून देतो आपण? आणि पैसा शेवटी प्रशासनच खर्च करणार, तर लोकांच्या हाती येतं काय?

निवांत:
चणे-फुटाणे. पोलंडमध्ये २०१८ च्या कायद्याने मोठ्या शहरांना हे सक्तीचं केलं, पण किमान रक्कम किती, तर खर्चाच्या अर्धा टक्का! लोकांनी बाकं आणि झाडांवरून भांडत बसायचं, मोठी टेंडरं आत ठरायची ती ठरतातच.

आडवाटेने:
रकमेचं पटलं, पण मूळ कल्पना एवढी फुसकी नव्हती हो. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेत १९८९ ला हे सुरू झालं तेव्हा नुसतं बटण दाबून मत द्यायचं नव्हतं, भागाभागात सभा व्हायच्या, तिथून प्रतिनिधी निवडायचे, आणि मुख्य म्हणजे पैसे वाटायचं सूत्र ठरलेलं होतं, भागाची लोकसंख्या किती, सोयी किती कमी आणि लोकांनी पहिला नंबर कशाला दिला. म्हणजे जिथे गटारच नाही त्याला जास्त गुण. हे सूत्र काढून नुसतं मतदान ठेवलं की ज्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप मोठा त्यांचंच काम पास.

कोरा_कागद:
अजून चालूय का तिथे?

आडवाटेने:
ज्या पक्षाने सुरू केलं तो २००४ ला महापौरपद हरला, नंतर जोर ओसरत गेला आणि २०१७ मध्ये काही काळ स्थगितच केलं. सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर चालणारी गोष्ट, दुसरं काय.

फाईल_पेंडिंग:
सगळे मतदानावर बोलताय, खरी मेख छाननीत आहे. सूचना आणि मतपत्रिका यांच्यामध्ये अधिकारी बसलेले असतात, 'तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही' किंवा 'जागा दुसऱ्या खात्याची' एवढा शेरा मारला की सूचना गेली, मतदाराला कळतही नाही की असं काही कोणी मागितलं होतं. न्यूयॉर्कमध्ये ११ वर्षांची पोरंसुद्धा मत देतात, नागरिकत्व नसलं तरी चालतं, छानच आहे, पण यादीच आधी गाळून आली तर वय कितीही खाली आणा. म्हणून कुठेही हे सुरू झालं की आधी दोन कागद मागायचे, नाकारलेल्या सूचना कारणांसकट, आणि मागच्या वर्षी जिंकलेल्या कामांपैकी किती झाली. दुसरा कागद तर बहुतेक कोणी मागतच नाही.

निवांत:
मागितला तरी 'काम प्रगतीपथावर' 😄